टाकी भरलेली, आकडा शून्य

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगरातली गल्ली. लेथचा आवाज. अर्धं वर केलेलं शटर.)

टाकीचं झाकण काढून बांबूची काडी बुडवली, तर वीतभर ओली होऊन वर येते. म्हणजे पेट्रोल आहे. डॅशबोर्डवरचा आकडा मात्र शून्यावर बसलाय.

गाडी फोर्ड मॉडेल ए. 1927 च्या अखेरीस बाजारात आली आणि चारेक वर्षांत जवळजवळ 48 लाख बनल्या. कोल्हापुरात जुनी गाडी म्हटलं की दसरा चौकात सीमोल्लंघनाला येणारी छत्रपतींची मेबॅक डोळ्यांपुढं येते. तिच्यापुढं ही साधीसुधी. पण उघडून बघायला हिच्यासारखी मजा नाही.

हिची टाकी मागं नसते. समोरच्या काचेपुढं, चालवणाऱ्याच्या अगदी गुडघ्यांसमोर असते. सुमारे 38 लिटरची. पेट्रोलचा पंपच नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली. तोटी सोडली की पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या गेजलाही ना वायर, ना करंट. टाकीच्या आत एका दांडीला बूच लावलेलं. बूच वर-खाली झालं की दांडी छोटा ड्रम फिरवते आणि काचेआड पाव, अर्धा, पाऊण सरकत जातं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे ना, त्याच जातीचं काम.

(दृश्य: टाकी रिकामी केलेली. बॅटरीची वायर सुटी. मेस्त्री गेज फिरवून बाहेर काढतात.)

"मालक, हे बघा. च्यात बुडवलेली खारी झालीया ह्याची."

मेस्त्रींनी नख दाबलं, तसं बूच दबलं आणि पेट्रोल पाझरलं. वरचं लेपण पापुद्र्यांसारखं सुटलेलं. तेच तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकत होते. गाडी चढाला का आचके देत होती, त्याचं उत्तर गेज काढताना मिळालं.

बूच म्हणजे ओक जातीच्या एका झाडाची साल. आत हवेचे बारीक बारीक कप्पे, म्हणून तरंगते. पण पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं ठेवायची तर अंगावर लेप हवा. त्या काळी लेप असायचा लाखेचा. आपले सुतार फर्निचरला मारतात तोच चपडा. साध्या पेट्रोलला चपडा दाद देत नाही. पण सुतार चपडा विरघळवतो कशात? स्पिरिटमध्ये. आणि स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल.

(दृश्य: उसानं भरलेली ट्रॉली, कारखान्याच्या दिशेनं.)

आता पंपावरच्या ई-20 पेट्रोलमध्ये दर लिटरला 200 मिली इथेनॉल असतं. ते मळीतून येतं, उसाच्या रसातून येतं. म्हणजे मालकांच्याच शिवारातला ऊस कारखान्यात जाऊन, फिरून त्यांच्याच टाकीत उतरला आणि बुचाचा अंगरखा खाऊन बसला. मालक हसले खरे, पण जरा कसनुसं.

बुचाऐवजी पितळेचा पोकळ फ्लोट, म्हणजे तरंगता डबा, बसवता येतो. तो गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा फुगते आणि डाग (सोल्डरचा जोड) कच्चा असेल तिथून बुडबुडा निघतो. सायकलच्या पंक्चरसारखंच. मात्र पेट्रोलमध्ये राहिलेल्या फ्लोटला डाग द्यायला कुणी जाऊ नये, आतली वाफ भडका घेते. मालकांना बूचच हवं होतं. हट्ट म्हणा, मला तो पटला.

(दृश्य: जवळून. नवं बूच, पॉलिश पेपर, फेविक्विकची ट्यूब.)

लेप चपड्याचा नाही, फेविक्विकचा. पहिला हात बूच पिऊन टाकतं, रंग गडद होतो, डोळ्यांना झोंबतं. दुसरा हात अंगावर राहतो. तिसऱ्याला काचेसारखी चकाकी येते. दांडी घुसते तिथलं भोक मेस्त्री दोनदा भरतात. पाणी म्हणा, पेट्रोल म्हणा, शिरतं ते तिथूनच.

मग दोन बरण्या. एकीत हे बूच, दुसरीत चपडा लावलेलं. दोन्हींत पंपावरचं पेट्रोल. चौथ्या दिवशी चपड्याच्या बुचाचं तेज गेलेलं. बोट लावलं तर चिकट. फेविक्विकवालं कोरडं ठणठणीत, वर तरंगतंय.

गेज बसवताना काचेखालचं गॅस्केटही नवं घातलं. जुनं ठेवलं असतं तर पेट्रोल थेट पायांवर टपकलं असतं. मापाच्या कॅननं 19 लिटर ओतलं. आकडा अर्ध्याच्या किंचित खाली थांबला. दांडी वाकवायला पुन्हा सगळं उचकटायचं का? मेस्त्रींनी मान हलवली. "कमी दाखवतोय न्हवं? मग ऱ्हाऊ दे."

टाकी काठोकाठ भरून गेजच्या खाली आदल्या दिवशीचा पेपर पसरला. अर्ध्या तासानं उचलून उजेडात धरला. कुठंच ओल नव्हती.