गोदे, गोदू, गोदाक्का

सकाळची वेळ, रामकुंड. जुन्या नाशकातल्या कुणालाही विचारा कुठं चाललात, उत्तर येईल "गंगेवर". पावसाळ्यात पण तेच, गंगेला पूर आलाय, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलंय बघ. नदीचं खरं नाव गोदावरी, पण आपल्या तोंडात ती गंगाच. मग गोदावरी हे नाव ऐकू यायचं कुठं, तर घराघरात. गोदे पाणी आण, गोदू कुठंय, गोदाक्का आल्या का... माझ्या पणजीचं नाव हेच.

गोष्ट सगळ्यांना माहितीये, गौतम ऋषींच्या हातून गाय गेली, त्यांनी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर तप केलं आणि नदी खाली आली, ती पुढं 1465 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. गो म्हणजे गाय, दा म्हणजे देणारी, असा अर्थ लोक लावतात.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चक्क लिहिलंय की नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आणि आपल्याकडं काय, गोदावरी, कृष्णा, यमुना, नर्मदा, भागीरथी, घर भरून नद्या! आयांनी ग्रंथ नाही बघितला, पाणी बघितलं.

आणि या नावाच्या बायका पण बघा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाई, 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा केवढा गहजब झाला, लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, म्हणजे नाव तिथंच सुटलं, तेव्हाची रीतच तशी होती. आणि 1907 मध्ये जन्मलेल्या गोदावरी परुळेकर, ज्या 1945 मध्ये वारली आदिवासींसोबत वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांचं नाव शेवटपर्यंत गोदावरीच.

नंतर हे नाव म्हातारं झालं. दोन अक्षरी, मॉडर्न नावं हवी झाली, आणि गोदावरी उरली एक्सप्रेसच्या डब्यावर. मला हे खरंच लागतं हो.

म्हणून मागच्या महिन्यात भावाच्या मुलीचं बारसं होतं तेव्हा आत्या म्हणून मी हट्टच धरला, आई म्हणाली अगं शाळेत चिडवतील पोरीला. भाऊ-वहिनी हो म्हणाले, मी कानात कुर्रर्र केलं आणि सांगितलं, गोदा.

परवा घरी गेले तर आई पाळणा हलवत होती. "गोदू, झोप गं बाई आता."