कोडला हात न लावता बिघडणारं अ‍ॅप

अ‍ॅप एकदा नीट लिहिलं, तपासलं आणि स्टोअरवर चढवलं की काम संपलं, असं ग्राहकाला वाटतं. खरं तर नव्या डेव्हलपरलाही तसंच वाटतं. पण कोडमधलं एक अक्षरही न बदलता अ‍ॅप वर्षभरात बिघडू शकतं. बिल्डची (कोडपासून अ‍ॅप बांधण्याची) साधनं, फोनमधली ऑपरेटिंग सिस्टीम आणि स्टोअर या तिन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या मालकीच्या आहेत आणि त्या आपापल्या वेळापत्रकानं बदलतात. म्हणून काही अडलं की आधी यातलं काय बदललं ते शोधावं, आपला कोड नंतर उसवावा.

अँड्रॉइडच्या बिल्डपासून सुरुवात करू. काल चालणारा प्रोजेक्ट आज अँड्रॉइड स्टुडिओत (अ‍ॅप लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये) उघडला आणि ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’ असं लाल अक्षरांत आलं. मग क्लीन, रीबिल्ड, कॅशे पुसणं, स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडणं असा सगळा विधी पार पडतो. इथं त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण उत्तर त्या आकड्यातच आहे. त्यातून 44 वजा करा: 65 म्हणजे जावा 21, 61 म्हणजे जावा 17. बिल्ड करणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या 8.5 च्या आधीच्या आवृत्त्या जावा 21 वर चालत नाहीत. स्टुडिओ अपडेट झाला, सोबत नवा जेडीके (जावाचा साधनसंच) आला आणि प्रोजेक्टमधलं ग्रेडल जुनंच राहिलं, एवढीच भानगड. ग्रेडलची आवृत्ती ठरवणाऱ्या रॅपरच्या फाइलमध्ये ती वाढवा, नाहीतर सेटिंगमध्ये ग्रेडलसाठी जेडीके 17 निवडा. त्याखाली मात्र जाऊ नका. अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन 8.0 पासून किमान जेडीके 17 मागतं. ‘स्टुडिओत चालतं, टर्मिनलमध्ये चालत नाही’ या तक्रारीचं मूळही बऱ्याचदा हेच असतं. दोघं वेगवेगळा जेडीके वापरत असतात.

डीबगमध्ये चालणारं अ‍ॅप रिलीजमध्ये (ग्राहकाला द्यायच्या बिल्डमध्ये) उघडताच क्रॅश झालं, तर पहिला संशय रिलीज बिल्ड आटोपशीर करणाऱ्या आर-एट या साधनावर घ्या. ते क्लासची आणि फील्डची नावं छोटी करतं. जेसन या मांडणीतला डेटा वाचणारी लायब्ररी नावावरून फील्ड शोधत असेल, तर तिला ते सापडत नाही. ज्यात तो डेटा भरला जातो त्या मॉडेल क्लाससाठी, नावं जशीच्या तशी ठेवणारा कीप नियम लिहा आणि टेस्टरच्या हाती रिलीज बिल्डच द्या.

आता टार्गेट एसडीके. मिन एसडीके म्हणजे अ‍ॅप चालेल असा सर्वांत जुना अँड्रॉइड, कंपाइल एसडीके म्हणजे कोड ज्या एपीआयवर (अँड्रॉइडच्या आवृत्तीच्या क्रमांकावर) कंपाइल होतो तो. टार्गेट एसडीकेचा अर्थ वेगळा: ‘या आवृत्तीचे वागण्याचे नियम मला मान्य आहेत’ असं अ‍ॅपनं दिलेलं वचन. गूगल प्ले हे वचन दरवर्षी नव्यानं मागतं. 31 ऑगस्ट 2025 पासून नव्या अ‍ॅपला आणि अपडेटला एपीआय 35, म्हणजे अँड्रॉइड 15, लागतो. आधीचं अ‍ॅप 34 च्याही खाली राहिलं, तर त्याच्या टार्गेटहून नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या ग्राहकांना ते दिसत नाही. जुन्यांकडे चालू राहतं. त्यामुळे तक्रार येत नाही, फक्त इन्स्टॉल घटत जातात.

एका ओळीचा बदल म्हणून 34 चे 35 केले, की अँड्रॉइड 15 च्या फोनवर स्क्रीन कडेपर्यंत पसरते. वरचं शीर्षक घड्याळाखाली जातं, खालचं बटण नेव्हिगेशन पट्टीमागे लपतं. हा बग नाही, नियम आहे. प्रत्येक स्क्रीनला विंडो इन्सेट्स (त्या पट्ट्यांची मापं) घेऊन पॅडिंग द्यावं लागतं. थीममध्ये एक पळवाट आहे, पण 36 ला टार्गेट केलं की अँड्रॉइड 16 वर ती बंद होते. पळवाट वापरली तर पुढच्या वर्षी हेच काम पुन्हा पुढ्यात येईल.

1 नोव्हेंबर 2025 पासून आणखी एक अट आली: अँड्रॉइड 15 किंवा त्यापुढे टार्गेट करणाऱ्या अ‍ॅपनं 16 केबी मेमरी पेजवर (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांवर) चाललं पाहिजे. निव्वळ कोटलिनमध्ये लिहिणाऱ्याला वाटतं, आपला काय संबंध? एपीके अ‍ॅनलायझरमध्ये अ‍ॅपची फाइल उघडा आणि लिब फोल्डर पाहा. फोटो, पीडीएफ, डेटाबेस अशा कुठल्या तरी लायब्ररीनं आपली ‘डॉट एसओ’ ही यंत्रभाषेतली फाइल आत आणलेली असते. तिची अलाइनमेंट (मेमरीतली मांडणी) 4 केबी असेल, तर लायब्ररी अपडेट करा. सोर्स हातात असेल, तर एनडीके आर28 नं (अशा फाइली बांधणाऱ्या साधनसंचानं) पुन्हा बांधा, त्यात 16 केबी आपोआप मिळतं. लायब्ररी वाऱ्यावर सोडलेली असेल, तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

पण डोकं सर्वांत जास्त खातं ते नोटिफिकेशन. ‘माझ्या फोनवर येतं, ग्राहकाच्या फोनवर येत नाही’ या वाक्यामागे निदान पाच कारणं असू शकतात आणि ती क्रमानं तपासली नाहीत तर दिवस जातो. आधी परवानगी. अँड्रॉइड 13 पासून ती ग्राहकाकडे मागावी लागते. अ‍ॅप उघडताच मागितली तर माणूस कारण न कळल्यानं नकार देतो. दोनदा नकार मिळाला की तो संवाद पुन्हा दाखवता येत नाही, ग्राहकाला सेटिंगमध्येच पाठवावं लागतं. मग चॅनेल, म्हणजे नोटिफिकेशनचा गट. अँड्रॉइड 8 पासून चॅनेलशिवाय नोटिफिकेशन दिसत नाही, आणि चॅनेल एकदा तयार झाल्यावर त्याचा आवाज कोडमधून बदलता येत नाही, महत्त्वही वाढवता येत नाही. कोड दुरुस्त करूनही जुन्या फोनवर शांतता असते ती यामुळे. नव्या आयडीचं चॅनेल काढावं लागतं.

ठरावीक वेळेची आठवण असेल, तर अलार्मची परवानगी पाहा. अँड्रॉइड 14 वर नव्यानं इन्स्टॉल झालेल्या आणि 33 किंवा पुढे टार्गेट करणाऱ्या बहुतेक अ‍ॅपना नेमक्या वेळेच्या अलार्मची मुभा आपसूक मिळत नाही. फोन पडून राहिला की डोझ ही बॅटरी वाचवणारी अवस्था सुरू होते. डोझमध्ये चालणारे खास अलार्मही एका अ‍ॅपला नऊ मिनिटांत एकदाच मिळतात. वर्कमॅनेजर या, मागे चालणारी कामं लावणाऱ्या लायब्ररीचं आवर्ती काम पंधरा मिनिटांच्या आत ठेवताच येत नाही, आणि पंधरा म्हटलं तरी ते पंधराव्याच मिनिटाला होईल याची हमी नाही. फोन बंद करून चालू केला की सगळे अलार्म पुसले जातात, ते बूटनंतर पुन्हा लावावे लागतात. यातलं डोझचं वागणं बघायला रात्रभर फोन टेबलावर ठेवू नका. केबल लावा, चार्जर निघाल्याचं एडीबीनं (फोनला संगणकावरून आज्ञा देणाऱ्या साधनानं) भासवा आणि ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ ही आज्ञा द्या.

एवढं सगळं बरोबर असूनही काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला, यादीतून सरकवून काढलेलं अ‍ॅप पार मारून टाकतात. यावर कोडमध्ये पक्का इलाज नाही, आणि आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बॅटरीचं सेटिंग कसं बदलायचं ते अ‍ॅपमध्येच सोप्या भाषेत दाखवा आणि चुकवून चालणार नाही अशी आठवण निव्वळ फोनवर सोपवू नका.

स्टोअरबद्दल थोडक्यात. रिव्ह्यूत अ‍ॅप अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तपासणाऱ्याला लॉगिनच करता येत नाही. ओटीपीवर चालणारं अ‍ॅप असेल तर ठरलेल्या ओटीपीचं डेमो खातं सर्व्हरवर ठेवा आणि रिव्ह्यूच्या नोंदीत लिहा. अ‍ॅपलकडे खातं उघडता येत असेल, तर ते अ‍ॅपमधूनच काढून टाकताही आलं पाहिजे, नुसतं निष्क्रिय करणं चालत नाही. प्लेवर 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान 12 टेस्टरसह सलग 14 दिवसांची क्लोज्ड (निवडक लोकांपुरती) टेस्ट करावी लागते. ग्राहकाला तारीख देण्याआधी हे दिवस मोजा.

रिलीजमध्ये घोळ निघाला तर मागे फिरता येत नाही. स्टेज्ड रोलआउट (टप्प्याटप्प्यानं वाटप) थांबवलं तरी ज्यांच्याकडे ती आवृत्ती पोचली त्यांच्याकडे ती राहतेच. आणखी मोठा व्हर्जन कोड देऊन नवी आवृत्ती काढावी लागते. म्हणून जोखमीचं फीचर सर्व्हरवरून बंद करता येईल असं ठेवावं.

शेवटी चाव्या, म्हणजे अ‍ॅप आपलंच असल्याची खूण पटवणाऱ्या फाइली. अ‍ॅपलच्या पुश नोटिफिकेशनची पी-एट की संपत नाही, पण ती एकदाच डाउनलोड होते. जुन्या पद्धतीचं पुश सर्टिफिकेट दरवर्षी संपतं, अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइटवर तपासायला दिलेला बिल्ड 90 दिवसांत. प्लेवर अपलोड की हरवली तर प्ले अ‍ॅप साइनिंगमुळे ती बदलून घेता येते. ते वापरत नसलेल्या जुन्या अ‍ॅपची कीस्टोअर (सहीची चावी ठेवलेली फाइल) हरवली, तर त्याच पॅकेज नावानं अपडेट देता येत नाही, नवं अ‍ॅप काढावं लागतं. या फाइली नोकरी सोडून गेलेल्या एखाद्याच्या लॅपटॉपवर तर नाहीत ना, ते आजच बघून घ्या.