वाडीची आरती सगळ्या घरांत

मंडळी, गणपती तोंडावर आलेत, रेल्वेची बुकिंगं कधीच फुल झालीत, चाकरमानी बॅगा भरतायत, म्हणून आजच बोलतो. दरवर्षी कोणीतरी गाडी काढतं, वृद्धाश्रमात नाहीतर बालगृहात जातं, फळं-बिस्किटं वाटतं, फोटो काढतं आणि तासाभरात परत. भावना चांगलीच असते हो, पण त्यांचा सण झाला का? मला वाटतं त्यांना वाटप कमी आणि सणातलं काम जास्त द्यावं.

आपल्या कोकणात गणपतीत काम काय थोडं असतं? माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट बांधायची, तिला रानातली कवंडळं, कांगण्या, हरणाची फुलं, नारळ, सुपारीचे घोस लावायचे, तेरड्याची गौर आणायची, मोदकाची उकड काढायची, नव्या सुनांचे ओवसे, म्हणजे सुपं घेऊन गौरीला ओवाळणं, रात्री भजन नाहीतर जाखडीचा नाच. यातलं निम्मं आता कोणाला येतं सांगा? माटवीला काय कुठे बांधायचं ते वाडीतल्या म्हाताऱ्यांनाच माहीत, आणि त्यांनाच आपण खुर्चीत बसवून प्रसादाची वाटी हातात देतो. आजीला पाऱ्या वळायला बसवा, शेजारी बालगृहातली दोन पोरं बसवा, पहिले चार मोदक फुटतील, फुटूदेत की.

पोरांचं मात्र नीट करायला हवं. बालगृहातल्या मुलाला असंच उचलून घरी आणता येत नाही, आधी अधीक्षकांना भेटा, बालकल्याण समितीची परवानगी कशी घ्यायची ते तेच सांगतील. आणि फोटो स्टेटसला टाकू नका, अगदी कळकळीने सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांचं नाव, शाळा, फोटो जाहीर करणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा, शाळेतल्या मुलांनी तो फोटो बघितला तर त्या पोराला काय वाटेल?

अनाथ मुलांना घर द्यायची गोष्ट आपल्याला नवी नाही, कोकणातल्याच देवरुखला इंदिराबाई हळबेंनी १९५४ साली मातृमंदिर ही संस्था सुरू केली ते इथल्याच मातीत.

आणि आश्रमापर्यंत तरी कशाला जायचं, आपल्याच वाडीत बघा. मुलगा आला नाही म्हणून गणपती बसला नाही, असं एखादं घर असतंच, तिथे म्हातारी एकटी दिवा लावते आणि आरतीचा घोळका तिच्या दारावरून पुढच्या घरी जातो. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारोदार फिरते तेव्हा कोणाचंच दार सोडत नाही, मग आरतीलाच का सोडायचं? तिच्या देव्हाऱ्यापुढे एक आरती म्हणा, टाळ तिच्या हातात द्या. दगडी पायऱ्यांची पाखाडी पावसात निसरडी असते, तिला विसर्जनाला यायचं असेल तर हाताला धरायला दोन पोरं लागतील. ती कोण, हे आज इथून उठायच्या आधी प्रत्येक वाडीने ठरवून जा.