बकल तुटलं म्हणून सॅक टाकायची नाही

(बेळगावच्या टिळकवाडीत पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. इथे गडांवर जाणारे आहेत, भीमगडच्या अभयारण्यात पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या नोंदी करायला जाणारे आहेत, आणि मुलांच्या दप्तरांनी वैतागलेले आई-बाबाही दिसतायत. तिघांचं दुखणं एकच आहे. कापड धडधाकट, चेन चालू, खांद्याचे पट्टे शाबूत, आणि अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला म्हणून अख्खी सॅक माळ्यावर जाते. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "याचं काय मिळत नाही हो, नवीन घ्या की."

मिळतं. खडेबाजारात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. फक्त काय मागायचं ते आपल्याला ठाऊक हवं. आणि ते बसवताना एक गोष्ट पाळायची, जी सांगण्यासाठीच मी आज उभा आहे: दुरुस्ती अशी करायची की पुढच्या वेळी सुईदोरा लागूच नये.

आधी बकल मोडतं कुठे ते बघू. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं की सुटतं, ते हे बकल. अमेरिकेतल्या इलिनॉय टूल वर्क्स या कंपनीनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते आणलं आणि आज हेल्मेटपासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत सगळीकडे तेच आहे. एका भागाला दोन लवचीक काटे असतात, दुसरा भाग पोकळ. काटे आत जाताना दबतात आणि बाजूच्या खिडक्यांत येऊन अडकतात. ओढ कितीही असली तरी ती काट्यांच्या लांबीच्या दिशेनं येते, म्हणून चालताना बकल सहसा मोडत नाही. मोडतं ते खाली पडलेलं असताना. कमरेचा पट्टा जमिनीवर लोळतो, त्यावर कुणाचा तरी बूट पडतो, नाहीतर गाडीचं दार त्यावर आपटतं. आडवा दाब आला की पोकळ भागाला चीर जाते किंवा एक काटा तुटतो. म्हणून सॅक उतरवली की कमरेचं बकल लावून ठेवायचं. एवढ्या सवयीनंही निम्मी मोडतोड टळते.

आता मोजमाप. बकल बकलाच्या मापानं मागू नका, पट्टीच्या रुंदीनं मागा. सॅकमध्ये साधारण चार रुंद्या येतात: २०, २५, ३८ आणि ५० मिलिमीटर. आपल्या बाजारात त्यांनाच पाऊण, एक, दीड आणि दोन इंच म्हणतात. छातीवरची पट्टी बहुधा २० ची असते, बाजूच्या आवळपट्ट्या २० किंवा २५ च्या, कमरेचा पट्टा ३८ किंवा ५० चा. मोजायचं ते पट्टी सपाट धरून, चुरगळलेली असताना नाही. आणि दोन्ही भाग विकत घ्यायचे. रुंदी सारखी असली तरी एका कंपनीचे काटे दुसरीच्या खिडकीत नीट बसतीलच असं नसतं. कधी लागतात, पण भार आला की सुटतात, आणि हे जास्त धोक्याचं, कारण घरी करून बघताना ते लक्षात येत नाही.

बकलाच्या दोन भागांपैकी एक सरकत्या पट्टीवर असतो. तो बदलणं मिनिटाचं काम: पट्टीच्या टोकाची घडी उसवा, जुना काढा, नवा ओवा. खरी अडचण दुसऱ्या भागाची. तो सॅकच्या शिलाईत पक्का अडकवलेला असतो आणि लोक तिथेच हात टेकतात. त्यासाठी चिरलेल्या दांडीचं बकल येतं. दुकानात "न शिवता बसणारं बकल" म्हणून मागा. त्याच्या ज्या दांडीवर पट्टी अडकते, तिला एक तिरकी फट असते. जुन्या बकलाची दांडी पक्कडीनं तोडून बाजूला करायची, मग शिवलेल्या पट्टीच्या वेढ्याची एक कड फटीतून आत सरकवायची आणि हळूहळू पूर्ण रुंदी दांडीवर चढवायची. पट्टीला कात्री लागत नाही, टाका उसवत नाही. भीमगडच्या वाटेवर, भर पावसात, पाच मिनिटांत होणारी ही दुरुस्ती आहे. बसवण्याआधी फटीच्या कडांवरून बोट फिरवा. प्लॅस्टिकचा कंगोरा लागला तर बारीक पॉलिश पेपरनं घासून टाका, नाहीतर तोच कंगोरा पट्टी कुरतडत राहतो.

शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. पट्टीची सगळी ताकद ताण्याच्या, म्हणजे लांबीच्या धाग्यांत असते. बाणा, म्हणजे आडवा धागा, फक्त त्यांना जागेवर धरून ठेवतो. कडेचे चार ताण्याचे धागे तुटले की भार उरलेल्यांवर जातो आणि मग पट्टी कडेकडून उलगडायला लागते. कड झिजलेली दिसली तर बकलाबरोबर तेवढी पट्टीही बदला.

चिरलेल्या दांडीचं बकल वाटेवरच्या गरजेला उत्तम. घरी, हाताशी वेळ असताना मात्र मी वेगळं करायला सांगेन. दोन्ही बाजूंनी सरकती पट्टी घेणारं बकलही मिळतं. त्याच्या दोन्ही टोकांना शिडीसारख्या दांड्या असतात, म्हणजे कुठलाच भाग शिवावा लागत नाही. सॅकवरची जुनी शिलाई उसवली की चार-पाच सेंटिमीटर पट्टी मोकळी होते. ती पुरत नाही, म्हणून तिला वीतभर नव्या पट्टीचा जोड द्यायचा, किमान पाच सेंटिमीटर एकावर एक घेऊन. हा जोड एकदा नीट शिवला की त्या सॅकच्या आयुष्यात त्या जागी परत सुई लावायची नाही. बकल मोडलं, ओवलं, चाललो. बनवणाऱ्यांनी मुळातच अशी सोय करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. खर्च नाममात्र वाढतो आणि वस्तूचं आयुष्य कितीतरी वाढतं.

जोड शिवायचा कसा? चौकोन आणि त्यात फुली. मशीनवर शिवत असाल तर १६ किंवा १८ नंबरची सुई आणि जाड पॉलिएस्टरचा दोरा. सुती दोरा वापरूच नका. कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात जो पाऊस पडतो त्यात सुती टाके कुजतात, आणि कुजलेला टाका वरून चांगला दिसतो, हे त्यातलं वाईट. नायलॉनचा दोरा मजबूत असतो पण उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर खंगतो. घरच्या मशीनला तीन पदर झेपत नसतील तर हट्ट करू नका, चप्पल-बूट शिवणाऱ्या कारागिराकडे जा. त्याची आरी आणि मेण लावलेला दोरा हे काम कुठल्याही घरगुती मशीनपेक्षा सरस करतात. मात्र चौकोन-फुली हवी, हे त्याला चितारून दाखवा. हातानंच करायचं असेल तर दाभण घ्या आणि उलटी टीप घाला. धावदोरा भाराखाली सरकतो.

पट्टी कापल्यावर टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचं, म्हणजे धागे सुटत नाहीत. वितळलेला गोळा जाड होऊ देऊ नका, गरम असतानाच चमच्याच्या पाठीनं दाबून सपाट करा, नाहीतर तो बकलातून ओवला जात नाही. आणि सरकत्या पट्टीच्या टोकाला दोनदा घडी घालून शिवून टाका. ही घडी नसेल तर पट्टी बकलातून निसटते, आणि ती नेहमी उतारावरच निसटते.

आता प्लॅस्टिक. बकलं मुख्यतः तीन प्रकारच्या प्लॅस्टिकची येतात: अ‍ॅसिटल, नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलिन. अ‍ॅसिटल पाणी जवळजवळ शोषत नाही, ताठ राहतं, गुळगुळीत असतं. नायलॉन पाणी पितं. त्यामुळे ते थोडं मऊ होतं. धक्का सोसतं पण भाराखाली जास्त वाकतं. जांबोटीच्या पुढे चार महिने हवाच ओली, म्हणून कमरेच्या पट्ट्याला मी अ‍ॅसिटल पसंत करतो. पॉलिप्रॉपिलिन स्वस्त असतं, शाळेच्या दप्तरांना बऱ्याचदा तेच असतं, आणि उन्हात ते सगळ्यात लवकर ठिसूळ होतं. काळ्या रंगाचं घ्या. त्यातली काजळी उन्हापासून प्लॅस्टिकचं रक्षण करते.

ओळखायचं कसं? पाठीमागे बारीक अक्षरं कोरलेली असतील तर सोपं: पीओएम म्हणजे अ‍ॅसिटल, पीए म्हणजे नायलॉन, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. नसतील तर पेलाभर पाणी घ्या, बकल त्यात बुडवून बुडबुडे झटकून टाका. तरंगलं तर पॉलिप्रॉपिलिन. बुडालं तर त्याच पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. आता वर आलं तर नायलॉन, तळाशीच राहिलं तर अ‍ॅसिटल. नायलॉनची घनता १.१४, अ‍ॅसिटलची १.४१, आणि मिठानं भरलेलं पाणी साधारण १.२, म्हणून हे जमतं. काचतंतू मिसळलेलं नायलॉन मात्र बुडतं, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. जाळून बघण्याची पद्धत सोडा. अ‍ॅसिटल जळताना फॉर्माल्डिहाइड सुटतो, तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट.

आपल्या तांबड्या मातीबद्दल एक वाक्य: पोकळ भागात ती बसली की काटे पुरते उघडत नाहीत, म्हणून साध्या पाण्यानं धुवा आणि तेल घालू नका, तेलावर माती आणखी चिकटते.

ज्या गावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिथे पट्ट्या-बकलांचा इतिहास परका नाही. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याच्या अंगावर बहुतेक १९०३ च्या पद्धतीचे चामडी पट्टे होते. बोअर युद्धात चामड्यानं त्रास दिला म्हणून ब्रिटिशांनी १९०८ मध्ये विणलेल्या सुती पट्ट्यांचा संच स्वीकारला होता, पुढे १९३७ चा संच आला आणि तो आपल्या सैन्यात स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालला. त्या संचाचे खांद्याचे पट्टे, कमरपट्टा, पिशव्या सगळं सुटं होत होतं. पितळी बकलांना काटा नसायचा; पट्टी दुमडून घर्षणानंच धरली जायची. एक तुकडा गेला तर तेवढाच बदलायचा. पुढे प्लॅस्टिकचं बकल आलं, सोपं आणि हलकं, पण त्याबरोबर ते शिलाईत बंद करून टाकायची खोडही आली. मला जुन्या संचातली तेवढी एक गोष्ट परत हवी आहे.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगतो आणि त्यावर वाद नको. हे सगळं सॅक, दप्तर, तंबू, कॅमेऱ्याची पिशवी यांच्यासाठी आहे. कडा चढायचा हार्नेस, दोरावर उतरायची पट्टी, ज्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो त्या कशालाही घरी सुई लावायची नाही. शिलाई उसवलेला हार्नेस कापून टाका, म्हणजे दुसरंही कुणी वापरणार नाही.

बरोबर काय ठेवायचं ते थोडक्यात: चिरलेल्या दांडीचं एक बकल २५ चं, एक कमरेच्या मापाचं, दाभण, मेणदोरा आणि दोन हात बारीक नायलॉन दोरी. कालानंदीगडावर बकल मोडलं आणि सुटं नसलं, तर त्या दोरीनं दोन्ही टोकं सुटीच्या गाठीनं बांधायची. ओढली की सुटली पाहिजे, ओल्या पट्टीला पक्की गाठ मारली तर रात्री ती सुटत नाही.

उद्यमबागेत काम करणारे कुणी इथे आले असतील तर त्यांना एक विनंती. तुमच्याकडे पंपाचे आणि गाड्यांचे सुटे भाग अचूक मापात तयार होतात. ५० मिलिमीटरची, फट असलेली धातूची दांडी तुम्हाला अवघड नाही. वनखात्याचे पहारेकरी, पत्र वाटणारे, ऊसतोडीच्या फडावर पाण्याच्या पिशव्या नेणारे, या सगळ्यांच्या पट्ट्यांना ती लागते. नमुने मी आणलेत, मापं घेऊन जा.

आणि ज्यांनी आपल्या सॅक आणल्यात त्यांनी डावीकडच्या टेबलावर या. तिथे चारही रुंद्यांची बकलं ठेवली आहेत, मिठाच्या पाण्याचा पेलाही भरून ठेवलाय. आधी पट्टी मोजा, मग बकल उचला. कमरेचे पट्टे आधी घेऊ, त्यांना वेळ लागतो.