मधली वर्षं

(लंडनच्या परिसरातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला विषय दिला 'स्वप्न आणि जिद्द', आणि वेळ दिली वीस मिनिटं. शिक्षिकेला वीस मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच जातात, तरी प्रयत्न करते. मी सोलापूरची. पूर्व भागातल्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. सध्या लेकीकडं आले आहे. ती इथं रुग्णालयात काम करते आणि मी तिची पोरं सांभाळते. त्यामुळं माझ्याकडं यशाचा मंत्र वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना तो हवा असेल त्यांनी बाहेर जाऊन चहा घेतला तरी चालेल. चहा चांगला आहे, मी बघून आले.

आपल्याकडं मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागतात. वर्तमानपत्रात फोटो येतात, आई पेढा भरवतेय, बाप कडेला अवघडून उभा आहे, आणि वर मथळा 'जिद्दीला सलाम'. मोठ्या माणसांच्या यशोगाथाही अशाच असतात. आधी गरिबी, मग निश्चय, आणि मग ते ठरलेलं वाक्य: 'त्यानंतर त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.' या एका वाक्यात पंधरा-वीस वर्षं गडप होतात हो! जिद्दीचं काम तर त्याच वर्षांत असतं. निश्चय करताना जिद्द लागत नाही, उत्साह पुरतो. सत्काराला तर काहीच लागत नाही, शाल आयोजकच आणतात.

आता तुम्ही लंडनच्या परिसरातली माणसं, म्हणून आमच्या उद्योगपती वालचंद हिराचंदांपासून सुरुवात करते. १८८२ साली सोलापुरात जन्म. घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा व्यवस्थित चाललेला. यांचं मन त्यात रमेना. रेल्वेतले एक माजी कारकून होते, लक्ष्मणराव फाटक. त्यांच्याबरोबर भागीदारीत रेल्वेच्या बांधकामाची ठेकेदारी सुरू केली आणि त्यात जम बसवला. पुढं पहिलं महायुद्ध संपल्यावर या माणसाच्या डोक्यात जहाजाचं खूळ शिरलं. सोलापूरच्या माणसाला जहाज! आमच्याकडं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, आणि उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी येतं तेवढंच. पण ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकायला होतं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार गाठले आणि ते घेतलं. नरोत्तमशेठचे वडील म्हणजे आमच्या सोलापूरची जुनी गिरणी काढणारे मोरारजी गोकुळदास. सिंदिया कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडं निघालं. भारतात आजही ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, तो याच सफरीमुळं.

बहुतेक भाषणं इथं टाळ्या घेऊन पुढं सरकतात. खरी कथा त्यानंतर सुरू होते. ते जहाज काही फायद्याचं ठरलं नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नवख्या कंपनीचा श्वास कोंडावा. वालचंदांना जहाजं नुसती चालवायची नव्हती, ती भारतात बांधायची होती. त्यासाठी गोदीची पायाभरणी व्हायला १९४१ उजाडलं, विशाखापट्टणमला, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. दुसऱ्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कटलं. बंगळुरूला त्यांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला होता. तोही १९४२ मध्ये सरकारनं ताब्यात घेतला. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या गोदीत बांधलेली 'जलउषा' ही बोट पाण्यात उतरली. पहिल्या सफरीपासून मोजा, एकोणतीस वर्षं. तेव्हा वालचंद पासष्टीला आले होते आणि पाच वर्षांनी गेले.

या एकोणतीस वर्षांत त्यांना किती जणांनी 'शेठ, साखरेच्या धंद्यात बरं चाललंय की, कशाला हा उपद्व्याप' असं सांगितलं असेल! आणि सांगणारे मूर्ख नव्हते, हेही लक्षात घ्या. जिद्दी माणसाला सल्ला देणारे बहुधा बरोबरच असतात. हिशोब त्यांच्या बाजूनं असतो.

पण वालचंदांकडं भांडवल होतं. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आया.

पूर्व भाग म्हणजे सोलापूरचा तेलुगू भाषक वस्तीचा भाग. पद्मशाली समाज तेलंगणातून आला, त्यानं माग लावले, आणि तुमच्या-माझ्या घरातली चादर तिथून निघाली. पुरुष यंत्रमागावर, बायका विडीवर. मी मुलांच्या घरी जायचे, गैरहजेरीची चौकशी करायला. एकच खोली. शेजारच्या मागाचा खडखडाट इतका की बोलायचं म्हणजे ओरडायचं. बाई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप. सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला तेंदूची पानं, भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेली. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं माझ्याशी बोलता बोलता, नजर वर न करता. टोकं मुडपायला पोरंही बसलेली. मजुरी हजार विड्यांवर. दिवस मोजायचा तो तासांनी नाही, हजारानं. त्यात तपासणाऱ्यानं खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. तंबाखूच्या धुरळ्यानं खोकला प्रत्येक घरात.

'तुमची इच्छा काय' असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच, "सोताचं घर, बाई." स्वतःच्या नावावरचं. मला आधी वाटायचं, ही काय इच्छा, सगळेच म्हणतात. पण ज्या बाईची मजुरी हजारावर ठरते तिनं घराचं नाव काढणं म्हणजे वालचंदांनी जहाजाचं काढण्यासारखंच होतं. लोक हसले. पण या बायका संघटनेत गेल्या, कामगार नेते आडम मास्तरांच्या मागं मोर्चात चालल्या, सहकारी संस्था काढली, आपला हिस्सा साठवून भरला. वर्षानुवर्षं. उन्हात कलेक्टर कचेरीसमोर बसायचं म्हणजे त्या दिवसाचं हजार बुडालं. ते रात्री जागून भरून काढायचं. मला मोर्चापेक्षा ही रात्रीची विडी मोठी वाटते. मोर्चात घोषणा असतात, सोबत असते. रात्री फक्त सूप असतं.

२००६ मध्ये कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. रिक्षावाल्याला आजही 'विडी घरकुल' म्हटलं की पुरतं. आणि त्यावर त्या थांबल्या नाहीत. ज्यांना मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी पुन्हा तेच, निवेदनं, खेटे, हप्ते. रे नगरच्या तीस हजार घरांची पायाभरणी २०१९ मध्ये झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांपैकी पहिली पंधरा हजार हातात आली. एका वेळी एका पक्षाचे पंतप्रधान आले होते, दुसऱ्या वेळी दुसऱ्या. श्रेयाची भांडणं सोलापुरात कमी नाहीत, मी त्यात पडत नाही. दोन्ही वेळी मांडवात बसलेल्या बायका मात्र त्याच होत्या, किंवा त्यांच्या लेकी-सुना. घर मिळालं म्हणून सगळं साजरं झालं असंही नाही. विडीचं काम घटत चाललंय, पोरांना ते करायचंही नाही, आणि त्यांनी करू नये असंच मला वाटतं.

आता कोणी म्हणेल, बाई, म्हणजे एकदा धरलेलं सोडायचंच नाही का? तसंही नाही. आमच्या भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरात आज स्मारक आहे, पुढच्या वेळी सोलापूरला याल तेव्हा जरूर बघा. द्वारकानाथ कोटणीसांना डॉक्टर व्हायचं होतं, पुढं शिकायचं होतं. चीनला जायचं असं काही लहानपणी ठरवलं नव्हतं. १९३८ मध्ये काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक पाठवलं, पाच डॉक्टर, आणि त्यात हे सत्तावीस वर्षांचे. बाकीचे एकेक करून परतले. हे राहिले. पुढच्या शिक्षणाचा बेत मागं पडला तो पडलाच.

लोक त्यांचं शौर्य सांगतात, सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात, आणि ते आहेच. मला शिक्षिका म्हणून दुसरीच गोष्ट दिसते. तो माणूस चिनी शिकला. नुसतं 'कुठं दुखतंय' एवढं नाही, वर्गात उभं राहून चिनीत वैद्यक शिकवण्याइतकं. युद्ध चालू, औषधं नाहीत, सैन्याबरोबर डोंगरातून सारखं ठिकाण बदलायचं, आणि रात्री दिव्याशी ती अक्षरं गिरवायची. पुढं बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथंच ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले तेव्हा वय बत्तीस आणि मुलगा काही महिन्यांचा. त्यांचं ध्येय त्यांना वाटेत भेटलं. पहिलं सोडून दुसरं धरणं म्हणजे धरसोड नव्हे, जर दुसऱ्यासाठी पुन्हा मुळाक्षरांपासून बसायची तयारी असेल तर.

मुळाक्षरं हा शब्द इथं बऱ्याच जणांना टोचला असेल. गेल्या काही महिन्यांत तुमच्या घरी जेवायला आले, बायकांशी बोलले. तिकडं एमडी झालेला डॉक्टर इथं पुन्हा प्लॅबचा, म्हणजे बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या परीक्षेचा, अभ्यास करतोय. तिकडं बँकेत अधिकारी असलेली बाई दुकानात काउंटरवर उभी आहे. कोणी व्हिसाच्या मुदतीवर डोळा ठेवून कंपनी बदलायची की नाही याचा विचार करतंय. एकीनं कथक पंधरा वर्षं केलं आणि आता घुंगरू माळ्यावर, 'मुलं मोठी झाली की' म्हणते. आणि दर रविवारी आईला फोनवर सगळे एकच सांगता, 'इकडं सगळं मस्त.' मी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला होते हो. आम्हाला कळतं. पोरगी 'मस्त' कुठल्या सुरात म्हणतेय ते सोलापुरात बसून कळतं.

तुम्ही त्या मधल्या वर्षांत आहात. तिथं सत्काराला कोणी येत नाही आणि विचारायलाही कोणी नसतं, कारण ज्यांनी ती ओलांडली ते त्याबद्दल बोलत नाहीत. आमच्या विडीवाल्या बायकांना एक गोष्ट तुमच्यापेक्षा बरी होती. त्या एका गल्लीत राहायच्या. एकीचा हप्ता थकला तर दुसरीला माहीत असायचं. इथं प्रत्येकाचं दार बंद, आणि वर थंडी.

म्हणून मुद्द्याचं बोलते. शनिवारी आपली मराठी शाळा भरते, तेव्हा पालक दोन तास मोटारीत बसून मोबाइल बघतात. मी स्वतः मोजत फिरले आहे. शाळेशेजारची खोली रिकामी असते आणि तिचं भाडं मंडळ आधीच भरतंय. ज्यांची परीक्षा आहे, अर्ज आहे, घुंगरू आहेत, त्यांनी त्या दोन तासांत तिथं बसावं. ज्यांनी प्लॅब पार केली, नोकरी बदलली, त्यांनी आळीपाळीनं यावं आणि मधे काय काय फसलं ते सांगावं. भाषण नको, नुसतं शेजारी बसून.

अध्यक्षांना मघाशी विचारलं तर म्हणाले, 'कार्यकारिणीपुढं मांडतो.' सोलापूरच्या माणसाला 'मांडतो' म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे, नगरपालिकेपासून आम्ही ऐकत आलोय. तेव्हा इथंच सगळ्यांसमोर विचारते, येत्या शनिवारी खोलीची किल्ली कोणाकडं मिळेल? चहाच्या टेबलावर मी वही ठेवली आहे, पहिलं नाव माझ्या लेकीचं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, आत्ता कळलं असेल.