तीन नर, साठ माद्या: माळढोकचा हिशेब

[दृश्य: पहाट. कुसळी गवताचा माळ. गवतात अडकलेलं माळढोकचं एक पीस, अगदी जवळून.]

डीएनए तपासायचा, म्हणून हे पीस चिमट्यानं उचलायचं. हात लावला, तर आपलाच डीएनए नमुन्यात मिसळतो. प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं, तर ओल कोंडते, बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. म्हणून साधं कागदी पाकीट, त्यात सिलिका जेलची पुडी आणि वर पेन्सिलीनं तारीख नि ठिकाण. शाई नको. प्रयोगशाळेत अल्कोहोलचा थेंब पडला की शाईची तारीख पुसून जाते.

पिसाचा उपयोगी भाग म्हणजे त्याचं देठ. पोकळ देठ संपून दांडा सुरू होतो, तिथे एक बारीक छिद्र असतं. पीस वाढत असताना त्याला रक्त पुरवणाऱ्या नळीची वाळकी गुठळी या छिद्रात राहून जाते. ब्लेडनं तेवढाच तुकडा कापून घ्यायचा.

[दृश्य: सोलापूरजवळचं नान्नज, माळढोकचं अभयारण्य. रिकामा माळ.]

एवढा खटाटोप कशासाठी? रानात माळढोक दीडशेच्या आसपास उरले. एक बुजला, पाय मोडला, तर नुकसान भरून निघत नाही. त्यामुळे रक्तासाठी पक्षी धरण्यापेक्षा गळलेली पिसं, विष्ठा आणि अंड्याची टरफलं बरी. पण या नमुन्यांत डीएनए थोडा असतो आणि तुटका असतो. डीएनएच्या एकाच जागी आईकडून एक आणि बापाकडून दुसरी अशा दोन खुणा असल्या, तरी पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, कधी एकच उमटते. मग जो पक्षी मिश्र आहे, तो एकसुरी दिसतो. उपाय कंटाळवाणा आहे: तोच नमुना तीन-चार वेळा चालवायचा आणि निकाल जुळला तरच धरायचा.

रक्त मिळालं म्हणून सगळं सोपं होतं, असंही नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या नसतं. त्यामुळे थेंबभर रक्तातही केंद्रकाचा डीएनए भरपूर निघतो. पंचाईत अशी, की मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांच्या) डीएनएच्या काही जुन्या नकला केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात. लक्ष नसलं, तर खऱ्याच्या जागी ती नक्कल वाचली जाते आणि नसलेलं वैविध्य कागदावर येतं.

[दृश्य: भारताचा नकाशा. माळांचे ठिपके एकेक करून विझतात.]

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच राज्यांतले 63 नमुने तपासले होते. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये वैविध्य फारच कमी आढळलं आणि राज्याराज्यांतल्या पक्ष्यांत वेगळेपण दिसलं नाही. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. कच्छमध्ये नलियाच्या गवताळ रानात मोजक्या माद्याच उरल्या. तिथे राजस्थानचं रक्त आणलं, तर स्थानिक वाण बिघडेल ही भीती बरीच कमी होते. नान्नजचा माळ पुन्हा वसवायचा झाला, तरी हेच लागू.

तरीही या निकालावर सगळा भार टाकू नये. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. बापाची बाजू त्यात दिसतच नाही. शिवाय मोजपट्टीवर खुणाच कमी असतील, तर दोन लांब्या सारख्या वाटणारच. त्यासाठी केंद्रकातल्या खुणा तपासाव्या लागतात.

[दृश्य: गळ्याची पिशवी फुगवून उभा असलेला नर.]

आता डोक्यांचा हिशेब. माळढोकमध्ये जोडी जमून राहत नाही. नर दिमाख दाखवतो, पसंत पडलेल्या नराकडे माद्या येतात आणि बाकीचे नर रिकामेच राहतात. समजा, साठ माद्या आहेत, पण बाप होणारे नर तीनच. वैविध्य टिकवण्यात खरे किती पक्षी मोजायचे, त्याचं सूत्र असं: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. म्हणजे चार गुणिले तीन गुणिले साठ, भागिले त्रेसष्ट. उत्तर साडेअकराच्याही आत. म्हणजे गणतीत त्रेसष्ट पक्षी, पण आनुवंशिकतेच्या दृष्टीनं अकरा. अशा कळपातून दर पिढीला सव्वाचार टक्क्यांहून जास्त वैविध्य गळतं. वनखात्याच्या गणतीच्या तक्त्यात हा आकडा दिसत नाही, आणि खरा घोर त्याचाच आहे.

[दृश्य: जैसलमेर जिल्हा. उबवणी यंत्र, त्यात एक अंडं.]

2019 पासून राजस्थानात रानातली अंडी उचलून सम इथे पिल्लं वाढवली जाताहेत. नंतर रामदेवऱ्याचं पैदास केंद्र आलं. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आता एकाच भागातून लागोपाठच्या वर्षी उचललेली दोन अंडी एकाच मादीची असू शकतात. दिसायला दोन अंडी, प्रत्यक्षात सख्खी किंवा सावत्र भावंडं. सख्ख्या भावंडांची जोडी लावली, तर पिल्लाच्या प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता पंचवीस टक्के. सावत्र असतील तर साडेबारा. म्हणून टरफलाच्या आतल्या पापुद्र्यातून किंवा पिल्लाच्या पिसातून नातं काढायचं, वंशावळीच्या वहीत लिहायचं आणि ज्याचे नातेवाईक सर्वांत कमी, त्याला आधी जोडीदार द्यायचा. 2024 मध्ये रामदेवऱ्याच्या नराचं वीर्य वापरून कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्यामुळे नर उचलून न्यायची गरज उरली नाही, पण एकाच सरावलेल्या नराचं वीर्य पुन्हापुन्हा वापरण्याचा मोह मात्र वाढला.

[दृश्य: अमेरिकेतलं इलिनॉय. गवताळ रान, नाचणारे प्रेअरी कोंबडे.]

रक्त आटलं की काय होतं, ते इथे पस्तीस वर्षं मोजलं गेलं. 1962 मध्ये दोन हजार पक्षी होते, 1994 पर्यंत पन्नासहून कमी उरले. अंडी घातली जात होती, पण फळत नव्हती. 1992 पासून दुसऱ्या राज्यांतल्या मोठ्या कळपांतून पक्षी आणून सोडले आणि अंडी पुन्हा उबू लागली. जनुकांचा प्रश्न सुटला, पण गवताळ रान होतं तेवढंच राहिलं. संख्या पुन्हा घसरली आणि 2014 मध्ये कॅन्ससमधून आणखी पक्षी आणावे लागले.

[दृश्य: जैसलमेर, संध्याकाळ. उडता माळढोक, समोर विजेच्या तारा.]

जनुकं सांभाळली, तरी हा धोका उरतोच: वजनदार पक्षी, समोरचं नीट न दिसणारी नजर. वळायला वेळ लागतो. तार दिसते तेव्हा ती जवळ आलेली असते.