थिजलेल्या मधाची बाजू

नमस्कार मंडळी. घरच्या घरी क्रीम हनी, म्हणजे मऊ, बारीक कणीचा थिजवलेला मध, कसं करायचं, हे सांगायला मला बोलावलंय आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी थिजलेल्या मधाची बाजू मांडू द्या, कारण ती कुणी मांडत नाही.

मी मध विकतो. थंडी पडली की बरण्या परत यायला लागतात. गेल्या हिवाळ्यात एक काकू आल्या. त्यांनी सूर्यफुलाचा मध नेला होता. पिशवीतून बरणी काढून त्यांनी ती माझ्यासमोर उलटी धरली. मध जागचा हलला नाही. ‘‘बघा, नुसती साखर आहे!’’ मी चिमूटभर मध त्यांच्या बोटांवर ठेवला आणि म्हटलं, चोळून बघा. बोटांच्या उबेनं कण विरले. काकू म्हणाल्या, ‘‘ते खरं हो, पण ह्यांना कसं पटवू?’’ मी पैसे परत दिले.

अहो, तूप कणीदार निघालं की आपण कढवणाऱ्या बाईचं कौतुक करतो, आणि मधाला कणी धरली की भेसळ? मधात ग्लुकोज इतकं असतं की तेवढं पाणी त्याला पुरतच नाही. थोडी थंडी मिळाली की ते स्फटिक होऊन बाहेर पडतं. राजस्थान-हरियाणातल्या मोहरीच्या मधात, सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज जास्त, म्हणून ते लवकर थिजतात. वर्षभर पातळ दिसणारा मध बऱ्याचदा तापवून, बारीक गाळून घेतलेला असतो. आणि थिजला म्हणजे शुद्धच, असंही समजू नका. अंगठ्यावरचा थेंब, पाण्यात सोडलेली धार, मधात बुडवून पेटवलेली काडी, यांतलं काहीच शुद्धता सांगत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं मधाचे १३ ब्रँड तपासले. सगळ्या चाचण्यांत तीनच उतरले, आणि त्यातली एक चाचणी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत करावी लागली. तिथे आपली काडी काय करणार?

मधाचं थिजणं रोखता येत नसेल, तर ते आपल्याला हवं तसं करून घ्यावं. हे पद्धतशीर बसवलं एल्टन डाइस यांनी. कॅनडातल्या ओंटारिओत आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मधावर काम केलं, १९३५ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. मध सावकाश, आपलाआपण थिजला तर स्फटिक थोडे आणि मोठे होतात, जिभेला खरखरतात. सुरुवातीलाच असंख्य बारीक स्फटिक घातले, तर ग्लुकोज त्या सगळ्यांवर वाटलं जातं आणि एकही मोठा होत नाही. क्रीम हनीत क्रीम नसतं, लोणी नसतं, नुसता मधच असतो.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. भराभर सांगतो, लिहून घ्या.

डाइस मध ६६ अंशांपर्यंत तापवत, म्हणजे जुने स्फटिक आणि आंबवणारे यीस्ट दोन्ही जातात. पातेल्यातल्या गरम पाण्यात बरणी ठेवा, थर्मामीटर लावा आणि ६६ झाले की लगेच उतरवून गार करा. पार २४ अंशांपर्यंत. इथे घाई केली तर बीजमध विरघळून जातो. बीजमध म्हणजे बारीक कणीचा तयार मध. नऊ वाट्या मधाला एक वाटी. तो नसेल तर जाड कणीचा मध खलबत्त्यात जिभेला कण लागेनासा होईपर्यंत घोटा. लाकडी चमच्यानं हलक्या हातानं मिसळा, हवा कोंडू देऊ नका. रात्रभर ठेवून वरचा फेस काढा, बरण्या भरा.

आता १४ अंशांच्या आसपास आठवडाभर. फ्रिज फार गार पडतो, त्यात मध इतका घट्ट होतो की स्फटिक वाढणं मंदावतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नावच नको. थर्माकोलच्या खोक्यात बरण्या आणि गोठवलेली पाण्याची बाटली ठेवायची, बाटली सकाळ-संध्याकाळ बदलायची. मी हेच करतो.

मधात पाणी १८ टक्क्यांच्या आत हवं. ग्लुकोज थिजताना उरलेला भाग पातळ होतो आणि तिथेच आंबायला सुरुवात होते. आपल्या सातेरी माशीच्या मधात पाणी बहुधा जास्त असतं, म्हणून पहिल्यांदा करताना मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या परदेशी माशीच्या, पेटीतला मोहरीचा किंवा सूर्यफुलाचा पिकलेला मध घ्या.

मागून प्रश्न आलाय, बाळाला चाटवला तर चालेल का? नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाही मध देऊ नका, तापवलेलासुद्धा. बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू ६६ अंशांना मरत नाहीत. बारशाला आजी आग्रह करतील, तरी नाही म्हणा.

तयार बरणीतून पहिली वाटी पुढच्या खेपेसाठी काढून ठेवा, मग पोळीला लावा. नमुने दाराजवळच्या टेबलावर आहेत.